सर्वांत वरची सही

मंगळवार, ४ मार्च

चि. लवंग्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. (सेहेचाळीस वर्षांचा झालास तरी तू चिरंजीवच. त्यात फेरफार करण्याचा अधिकार मला नाही.)

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे, आणि तो कुठेतरी नोंदवल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. आमच्या छापखान्यात दुसऱ्या मजल्याच्या बोळात चहाचं नवं यंत्र बसवलं आहे. चहाचं बटण दाबलं की टोमॅटोचं सूप येतं. सूपचं दाबलं की गरम पाणी. गरम पाण्याचं दाबलं की यंत्र विचारात पडतं. कॉफीचं बटण दाबल्यावर मात्र उत्तम चहा येतो, पण हे ज्याला कळतं तो दुसऱ्याला सांगत नाही, कारण मग रांग लागते. मी इथला सव्वीस वर्षांचा जुना नोकर. मला हे गुपित अकराव्या दिवशी कळलं. दहा दिवस मी निमूटपणे सूप प्यायलो. आपल्या अप्पांनी मारून मुटकून जो कार्यकारणभाव शिकवला होता, त्याचा त्या यंत्राने एका घोटात निकाल लावला.

घरी सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्याच्या वतीने ती. तुझ्या पुतणीने गाडी शिकायला घेतली आहे. शिकवणारा गृहस्थ तिसऱ्या दिवसापासून आजारी आहे. तुझं फ्रेमचं दुकान कसं चाललंय? काच महाग झाली असं मागे लिहिलं होतंस.

तर ते यंत्र. त्याच्यापाशी उभं राहून माणसं बोलतात, आणि सध्या एकाच विषयावर बोलतात. तुला सांगायला हरकत नाही, पण आधी आमचं काम सांगतो, कारण तू ते कधी आत येऊन पाहिलेलं नाहीस. औषधांच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही? तो आम्ही वाचतो. काचेच्या बंद खोलीत दोघं बसतात. एक औषध कंपनीने पाठवलेली मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा समोर छापील प्रूफ धरून ऐकतो आणि ताडून पाहतो. पहिला वाचणारा, दुसरा धरणारा. शेवटी दोघांच्या सह्या. दोन सह्या नसलेला कागद छपाईच्या यंत्रावर चढत नाही.

मी वाचणारा. माझा धरणारा पस्तिशीचा आहे. त्याचे कान असे की मी स्वल्पविरामाला श्वास चोरला तर त्याची पेन्सिल थांबते. म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणतात. मला शास्त्रीबुवा म्हणतात, ते अप्पांनी पाजलेल्या संस्कृताच्या कृपेने. आमच्या विभागाच्या प्रमुख एक बाई आहेत. सगळे त्यांना बाईच म्हणतात.

आता या बाई एका मैत्रिणीबरोबर राहतात. अकरा वर्षं झाली. ती एका शाळेत खेळ शिकवते. बाई ते लपवत नाहीत आणि सांगतही सुटत नाहीत. कानसेनचंही तसंच, त्याच्या घरी एक बेकरीवाला आहे, विभागाच्या सहलीला त्याला घेऊन आला होता. माणूस चांगला वाटला. पाव उत्तम.

जानेवारीत मुख्य वाचकाची जागा रिकामी झाली. ती मला मिळणार असं भिंतींनासुद्धा ठाऊक होतं. बाईंनी ती कानसेनला दिली.

त्या दिवशी यंत्रापाशी वकील माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमचं एकच चुकलं. तुम्ही लग्न केलंत." (वकील म्हणजे आमचा दुसरा वाचणारा. कायद्याचं पुस्तक त्याने लांबूनही पाहिलेलं नाही, पण वाद घालतो म्हणून वकील.) सगळे खो-खो हसले. मीही हसलो. हातात सूप होतं, ते थोडं सांडलं.

पुढे काही लोकांनी वरती अर्ज केला. बाई आपल्यातल्यांना सांभाळतात, बाकीच्यांना डावलतात, असा. मला म्हणाले, भाषा जरा बघून द्या. मी बघून दिली.

चौकशी होईपर्यंत कानसेनला गोदामात बसवलं आहे. तिथे तो खोक्यांवर चिठ्ठ्या लावतो. बंद खोलीत त्याच्याबरोबर बसायला कुणी तयार होईना, हे कारण. वकील म्हणाला, "मला काही नाही हो, पण बायको विचारते." सध्या माझं प्रूफ वकीलच धरतो. दुसऱ्या पानावर त्याला डुलकी लागते.

तेरा तारखेला, गुरुवारी, समिती बसणार आहे. ज्येष्ठ म्हणून मला बोलावलं आहे. अशा वेळी फार खोलात न शिरता, कुणाला न दुखवता चार शब्द बोलावेत असं मला वाटतं. तू जग पाहिलेला माणूस आहेस. तुला काय वाटतं ते कळव.

घरी सर्वांस यथायोग्य.

तुझा,
दादा


मंगळवार, ११ मार्च

चि. लवंग्यास,

आशीर्वाद.

तुझं कार्ड काल मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये एकच ओळ. "दादा, त्या अर्जावर तुझी सही आहे का?"

आहे.

अकरा सह्या आहेत आणि माझी सर्वांत वर आहे. ज्येष्ठतेनुसार.

आणि मी भाषा बघून दिली हेही तितकंसं बरोबर नाही. वकिलाने अर्ध्या पानाची शिवीगाळ आणली होती. तिचा अडीच पानांचा अर्ज मी केला. एका रविवारी, जेवणानंतर, चांगला कागद घेऊन. 'समानशील व्यक्तींचा परस्परानुग्रह' असा एक शब्दप्रयोग त्यात आहे. वकिलाला त्याचा अर्थ लागला नाही, पण त्याने तो तीनदा मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "वा! आता याला कोण हात लावतो!" खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या संस्कृताचं छापखान्यात कुणी कौतुक केलं नव्हतं. शिवी तीच होती. मी तिला फक्त इस्त्री करून दिली.

तू म्हणशील, का? मला राग आला होता रे. सव्वीस वर्षं. कानसेनला धरायला मीच शिकवलं. पट्टी ओळीखाली कशी सरकवायची, आकड्यापाशी बोट कसं ठेवायचं, सगळं. त्याच्या नावाची पाटी दारावर लागली त्या दिवशी मी दुसऱ्या जिन्याने घरी गेलो. तुझ्या वहिनीने विचारलं, "का हो, डोकं दुखतंय?" मी हो म्हणालो. आठ दिवस दुखत होतं.

अर्ज गेल्यावर वरच्या साहेबांनी मला बोलावलं. यापूर्वी ते मला पाहून 'अं' एवढंच म्हणत. त्या दिवशी खुर्ची पुढे केली.

"बसा, बसा. हे पाहा, कुणाच्या घरात डोकावण्याची आपल्याला हौस नाही. जमाना बदललाय. मी स्वतः या बाबतीत मोकळा आहे."

"हो साहेब."

"पण विभागाचं वातावरण म्हणून काही असतं की नाही? तुमच्यासारखा संसारी माणूस त्या जागेवर असला की लोकांना बरं वाटतं. आणि बाई काही आता फार दिवस राहतील असं नाही."

"हो साहेब."

"अर्जातले पहिले दोन मुद्दे सोडा. कोण कुणाबरोबर राहतं ते समिती लिहून घेऊ शकत नाही. तिसरा मुद्दा पक्का आहे. तो तेवढा नीट सांगा. चूक झाली, ती बाईंनी दडपली. बस्स."

मी पुन्हा 'हो साहेब' म्हणालो. इतक्या कमी शब्दांत मी आयुष्यात कधी संभाषण केलेलं नाही.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल तुला लिहायचं आहे. लिहितो.

त्याआधी दुसरं. तुझ्या एका ओळीच्या खाली जी ओळ तू लिहिली नाहीस, ती मी वाचली. धंदाच तो आहे माझा. तू चोवीस वर्षांचा होतास, शाळेत चित्रकला शिकवत होतास, आणि तुझे मुख्याध्यापक आपल्या घरी आले होते. अप्पा आजारी, म्हणून पुढच्या खोलीत मीच बसलो. त्यांनी विचारलं, "तुमच्या भावाबद्दल जे बोललं जातं त्यात तथ्य आहे का? मुलांशी वागण्यात काही खोट नाही, हे तुम्ही घरचे म्हणून सांगत असाल तर मी विषय संपवतो." गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना एक वाक्य हवं होतं. 'माझा भाऊ सोन्यासारखा आहे' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "आम्हाला यातलं काही माहीत नाही," आणि चहा सांगायला उठलो. आत आलो तर तू दाराशीच उभा होतास. मी तुला विचारलं, साखर कुठे आहे.

तुझी शाळा सुटल्यापासूनच्या बावीस वर्षांत आपण पावसापाण्याबद्दल, काचेच्या भावाबद्दल, गुडघ्याबद्दल पुष्कळ लिहिलं. त्या दिवसाबद्दल हे पहिलंच.

आत्ता तुझी वहिनी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "भावजींना लिहिताय?"

"हो."

"खरं लिहिताय की छान लिहिताय?"

मी म्हणालो, दोन्ही जमतं का पाहतोय. ती म्हणाली, "दोन्ही नका. वेळ कमी आहे." आणि गेली. ही बाई व्याकरण शिकली असती तर अप्पांचा वंश उजळला असता.

तिसरा मुद्दा राहिला तो राहिलाच. परवा गुरुवार. हे पत्र आज टाकतो, नाहीतर उद्या फाडीन.

दादा


गुरुवार, १३ मार्च
सकाळचे दहा पंचवीस

लवंग्या,

समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावरून लिहितो आहे. पिशवी मांडीवर, पिशवीवर कागद. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. बाई दहापासून आत आहेत. त्यांच्यानंतर मी, माझ्यानंतर कानसेन. तो समोरच्या बाकावर बसला आहे. मी आलो तेव्हा सरकून जागा करत म्हणाला, "इकडे बसा शास्त्रीबुवा, तिकडे एसीचा झोत अंगावर येतो." मी म्हणालो, असू दे, मला चालतो. मला अजिबात चालत नाही. मान धरली आहे.

तिसरा मुद्दा.

मुलांच्या तापाचं एक औषध आहे. त्याचा कागद आम्ही वर्षातून पाच-सहा वेळा छापतो. मला तो पाठ आहे. तुला माहीत आहे, एकदा कानावरून गेलं की माझ्या डोक्यातून जात नाही. अप्पा पाहुण्यांसमोर मला उभं करायचे ते त्यासाठीच. तर गेल्या वर्षभरात माझी एक खोड झाली. ओळखीचा कागद आला की मी मूळ प्रत हातात धरतो आणि म्हणून दाखवतो. वाचत नाही. म्हणतो. डोळे मिटूनसुद्धा. पंधरा मिनिटांचं काम दहा मिनिटांत होतं, आणि थोडा, काय सांगू, आनंदही होतो.

नोव्हेंबरात कंपनीने मात्रा बदलली. लहान मुलांना पाच मिली होती ती अडीच केली. मूळ प्रतीत अडीच छापलेलं होतं, माझ्या हातात, माझ्या नाकासमोर. अक्षरजुळणी करणाऱ्याने जुनाच मजकूर उचलला होता, म्हणून प्रूफात पाच राहिलं. मी डोळे मिटून 'पाच' म्हणालो. कानसेनने प्रूफात पाच पाहिलं. जुळलं. त्याने सही केली, मी सही केली.

बाई सहज छपाईच्या यंत्राजवळून जात होत्या, त्यांनी एक कागद उचलला आणि यंत्र थांबवलं. चार हजार प्रती निघाल्या होत्या. सगळ्या त्यांनी समोर उभं राहून कापून टाकायला लावल्या. एकही फाटकाबाहेर गेली नाही. वरती कळवलं नाही.

आमच्याकडे रीत अशी आहे की चूक निघाली की आधी धरणाऱ्याला धरतात, कारण छापलेला कागद त्याच्या डोळ्यांसमोर असतो. वाचणाऱ्याने काय वाचलं याला पुरावा नसतो. ते हवेत जातं.

त्या दुपारी काचेच्या खोलीत कानसेनने मूळ प्रत मागून घेतली. पाहिली. दार बंद होतं. तो हळूच म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुम्ही पाच म्हणालात."

मी म्हणालो, "मी अडीच म्हणालो."

त्याने मूळ प्रत मला परत दिली. मग म्हणाला, "बरं. मग माझ्याच कानांची चूक असेल."

एवढंच. परत तो विषय त्याने काढला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा माझ्यासमोर येऊन बसला, पट्टी घेऊन. फक्त आता आकडा आला की तो मान वर करून माझ्या डोळ्यांकडे बघायचा.

जागा त्याला मिळाल्यावर मी बाईंकडे गेलो होतो, जाब विचारायला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मी या काचेतून रोज बघते. तुम्ही डोळे मिटून वाचता. मुख्य वाचक मी तुम्हाला नाही करू शकत. पण वरतीही सांगणार नाही. तुमची चार वर्षं राहिली आहेत, ती नीट काढा. कागदाकडे बघत जा." मी मान खाली घालून बाहेर आलो. एका तासाने वकील म्हणाला, चला अर्ज करू; आणि मी म्हणालो, चला.

म्हणजे बघ, या विभागात कुणाला पाठीशी घातलं असेल तर मला घातलं आहे. आणि बाई पक्षपात करतात हे दहा जणांना मी सुंदर भाषेत पटवून दिलं. यंत्र थांबवल्याचं वकिलाला यंत्रावरच्या माणसाकडून कळलं. चूक कानसेनची असणार हे त्याने आपणहून धरलं. मी धरू दिलं. 'आपल्या मर्जीतील कर्मचाऱ्याचा गंभीर प्रमाद हेतुपुरस्सर दडपण्यात आला.' हे वाक्य माझं. लिहिताना मी 'चूक' खोडून 'प्रमाद' केलं होतं.

काल कार्यालयाने आम्हा साक्षीदारांना बाईंचं लेखी उत्तर दाखवलं. मला वाटलं होतं त्यात माझं नाव असेल. दोन ओळी आहेत. "चूक विभागाची होती. विभागाची जबाबदारी माझी आहे." माझं नाव, एवढ्या एका शब्दात त्या सुटल्या असत्या. आज तो शब्द मी बोललो नाही तर त्या जातील, आणि कानसेन गोदामातून थेट घरी जाईल. बोललो तर मी जाईन. हिशेब इतका सरळ आहे की त्याला भाष्य लागत नाही.

तुझ्या वहिनीला पहाटे सगळं सांगितलं. तिने माझा डबा भरायला घेतला. मग म्हणाली, "माझी काळजी करू नका, मी कशीही निभावीन. पण आज घरी येऊन मला काय झालं ते खोटं सांगू नका." डबा दिला आणि दार लावून घेतलं.

आत्ता दार उघडलं. बाई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं, हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. कानसेनजवळ जाऊन बसल्या. तो त्यांना पाण्याची बाटली देतो आहे. साहेब दारातून डोकावून मला म्हणाले, "दोन मिनिटं हं शास्त्रीबुवा, मग या. तिसरा मुद्दा लक्षात आहे ना?"

मी मान हलवली. कुठल्या अर्थाने हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

रात्रभर मी वाक्य घोकलं. "वाचताना चूक मी केली, आणि त्या मुलाशी खोटं बोललो." पाठ झालं आहे. माझ्या आयुष्यात पाठ झालेली गोष्ट मी कधी विसरलेलो नाही, पण ती सगळी दुसऱ्यांची वाक्यं होती.

नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पेन्शनचीही भीती नाही, किंवा आहे पण तिच्यासाठी मी तुला लिहिलं नसतं. भीती अशी आहे की त्या टेबलासमोर कुणीतरी मला आदराने विचारेल, मी नम्रपणे 'मला यातलं काही माहीत नाही' असं म्हणेन, आणि ते म्हणताना मला काहीच जड जाणार नाही. मी आत जाऊन खरं बोलेन की नाही, हे मला खरोखर ठाऊक नाही. मला माझीच खात्री वाटत नाही, लवंग्या.

हाक आली. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. खरं बोलून आलो तर संध्याकाळी खाली एक ओळ वाढवून मग पाकीट बंद करीन. ओळ नसली तर समज.

तुझा थोरला भाऊ